अप्पांची पोलीस भरती

पोलीस खात्यात जावं असं मला कधीही वाटलं नाही. शाळेतल्या ‘मी कोण होणार’ या निबंधातसुद्धा मी शास्त्रज्ञच लिहिलं होतं, आणि पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून शब्द बऱ्यापैकी पाळला. माझी उंची भरतीच्या नियमात बसते, हा माझा दोष नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण या उन्हाळ्यात जे झालं त्याबद्दल जुळे सोलापूरमधल्या आमच्या कॉलनीत बरीच मतं आहेत, आणि त्यातली पुष्कळशी बरेच दिवस माझ्याविरुद्ध होती.

सुरुवात डॉक्टरीणबाईंनी केली. अप्पांच्या आतड्यातली गाठ काढून झाली होती आणि शरीरात कुठे एखादी चुकार पेशी राहिली असेल तर ती मारायला केमो सुरू झाली होती.

“घरी काय करता दिवसभर?” त्यांनी अप्पांना विचारलं.

“पडून असतो. आराम.”

“आराम बास झाला. रोज चालायचं. हातांना थोडं वजन द्यायचं. आणि एकट्याने नाही. तुमचं कोण बघतं घरी?”

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

“मग दोघींपैकी एकीने रोज यांच्याबरोबर व्यायाम करायचा. बरोबर म्हणजे बरोबर, खुर्चीत बसून सूचना द्यायच्या नाहीत. आजारी माणसाच्या आधी त्याला सांभाळणारं माणूस झिजतं. मी रोज बघते.”

आईच्या गुडघ्यांनी जागच्या जागी माघार घेतली. राहिले मी.

“हे लेखी मिळेल का?” अप्पांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. अप्पा एका शिक्षण संस्थेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आहेत. लेखी नसलेली गोष्ट त्यांच्या दृष्टीने घडलेलीच नसते.

मी घरी येऊन या विषयावरचे शोधनिबंध वाचून काढले. हलते-चालते राहणारे रोगी औषध जास्त चांगलं सोसतात, त्यांचा डोस पुढे ढकलावा लागण्याची शक्यता कमी, असं त्यांत बऱ्याच सावध भाषेत लिहिलं होतं. मी त्यातला सावधपणा काढून टाकला आणि उरलेल्यावर विश्वास ठेवला. या आजारात माझ्या हातात असलेली ती एकच गोष्ट होती. अप्पा चालत राहिले तर डोस चुकणार नाही, डोस चुकला नाही तर अप्पा राहतील. हे गणित किती कच्चं आहे ते मला कळत होतं. परीक्षेत कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

अडचण एवढीच होती की आजार गुप्त होता. कॉलनीत ‘हर्नियाचं ऑपरेशन’ असं जाहीर झालं होतं. अप्पांचं म्हणणं असं, की आपल्याकडे माणसं शहाळं घेऊन आजाऱ्याला भेटायला येतात आणि जाताना त्याच आजाराने गेलेल्या कुणाची तरी गोष्ट उशाशी ठेवून जातात. त्यांच्या हाताखालचे एक क्लार्क आजारी पडले होते, तेव्हा स्वतः अप्पांनीही तेच केलं होतं. “मी गेलो, बसलो, आणि आमच्या आतेभावाची सगळी हकीकत सांगितली. शेवटापर्यंत,” ते म्हणाले. “मला वाटलं, मी धीर देतोय.”

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, सकाळी हवा गार होती. या औषधाचा एक चमत्कारिक गुण आहे. गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचतात, गार हवा लागली की घसा आवळतो. म्हणून पहिल्या दिवशी अप्पा माकडटोपी, मफलर, लोकरी हातमोजे आणि दोन जोड मोजे घालून निघाले. माझ्या पाठीवर सॅक होती. तिच्यात थर्मामीटर, गरम पाण्याचा थर्मास, साखर, बिस्किटं, सॅनिटायझर, जास्तीचं स्वेटर आणि हॉस्पिटलची जाडजूड फाईल. आम्हाला कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जायचं होतं.

डेअरीपाशी चन्नवीरकाका दुधाची पिशवी घेऊन उभे होते. ते समोरच्याच घरात राहतात. पोलीस खात्यातून निवृत्त झाले आहेत. खात्यात ते बँडमध्ये मोठा ढोल वाजवत, पण ही माहिती ते विचारल्याशिवाय देत नाहीत.

“काय ओ गंगाधरराव, एवढ्या सकाळी कुठं? आणि इंदव्वाच्या पाठीवर काय ते ओझं?”

अप्पा नोकरीत ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ यापलीकडे कधी खोटं बोलले नव्हते. मला वाटलं, आता ते गडबडणार. मी तोंड उघडलं तोवर ते शांतपणे म्हणाले, “पोलीस भरती. हिला बसवतोय. वजन घेऊन चालायची सवय लावतोय.”

चन्नवीरकाकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. जुनी स्कूटर घ्यायला आलेला माणूस बघतो तसं.

“हिला?”

“हिला.”

“चष्मा निघतो का तो?”

“निघतो,” अप्पा म्हणाले.

“मग मला आधी सांगायचं नाही का ओ. उद्यापासून मी आहे.”

परत येताना मी विचारलं, “अप्पा, हे काय केलंत?”

“अंतरिम उत्तर दिलं. विचारणारा दोन दिवसांत विसरतो. अख्खी नोकरी मी अशी काढली.”

पण चन्नवीरकाका निवृत्त होते आणि त्यांना विसरायला दुसरं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आमच्या फाटकापाशी शिट्टी वाजली.

रस्त्यावर कुत्री मागे लागतात, म्हणून काकांनी जवळच्या शाळेचं मैदान पसंत केलं. तिथे प्रभु नावाचे कार्यालयीन कर्मचारी मैदानाचा कारभार बघतात. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “एकट्या व्यक्तीला मैदान देता येत नाही. तुकडीला देता येतं.”

“तुकडी म्हणजे किती?” काकांनी विचारलं.

“एकीला तुकडी म्हणत नाहीत, एवढं मला माहीत आहे.”

मला सुटल्यासारखं वाटलं. मी अप्पांकडे बघितलं, आणि माझं सुटणं तिथेच संपलं. अप्पांचा चेहरा उजळला होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. परवानगी, अट, तरतूद, तुकडी: हे त्यांच्या कानाला किती दिवसांनी ऐकू येत होतं. घरी येऊन ते टेबलाशी बसले आणि त्यांनी अर्ज लिहिला. ‘वरील विषयास अनुसरून’पासून ‘कळावे’पर्यंत. प्रशिक्षक चन्नवीरकाका, व्यवस्थापक स्वतः. शिवाय प्रभुंनी न मागितलेली एक अटही त्यांनी स्वतःहून घातली: ‘व्यवस्थापक रोज जातीने हजर राहतील, अन्यथा परवानगी आपोआप रद्द समजावी.’ अर्जाला वजन येतं म्हणाले. मग ज्वारीची अख्खी भाकरी खाल्ली आणि आईने दिलेले पाणी भरलेले तांबे दोन्ही हातांत घेऊन खांद्यापर्यंत उचलायचा व्यायामही कुरकूर न करता केला. त्या भाकरीकडे बघून मी तोंड बंद ठेवलं. त्या भाकरीसाठी मी सैन्यातसुद्धा गेले असते.

तुकडी काकांनी जमवली. चादर कारखान्यात काम करणाऱ्या घरातली सिद्धेश्वरी, वैरागहून शिकायला आलेली आरोही, आणि अशाच खरोखर पोलीस होऊ इच्छिणाऱ्या मुली. त्यांच्याकडे बघून मला स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठी भीती वाटली, कारण त्या प्रत्येकीला एक नाक होतं. केमोत पांढऱ्या पेशी खाली येतात. दुसऱ्याची साधी सर्दी अप्पांना दवाखान्यात नेऊ शकते. अप्पांना माणसांपासून लांब ठेवायचं म्हणून आम्ही आजार लपवला, आणि आजार लपवायचा म्हणून त्यांच्याभोवती माणसं गोळा केली. याला काय म्हणतात मला माहीत नाही. प्रयोगशाळेत याला प्रयोग फसणं म्हणतात.

मग मी नियम केले. मैदानात येताना साबणाने हात धुवायचे. ज्याला शिंक आली त्याने घरी जायचं. व्यवस्थापकांशी बोलताना हातभर लांब उभं राहायचं, पाया पडायचं तर लांबूनच.

“ताई, चोर धरायच्या आधीपण हात धुवायचे का?” सिद्धेश्वरीने विचारलं.

“आधी आणि नंतरही,” मी म्हणाले.

“याला म्हणतात शिस्त,” चन्नवीरकाका म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी शिंकले. मी त्यांना घरी पाठवलं. ते गेले, पण फाटकातून वळून त्यांनी मला सलाम ठोकला. खात्यात इतकं कडक कुणी भेटलं नव्हतं म्हणे.

अशा रीतीने आमचा ‘बरोबर’ व्यायाम सुरू झाला. मी मैदानाला फेऱ्या मारायच्या, आणि अप्पांनी व्यवस्थापक या नात्याने मैदानाच्या एका बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत देखरेख करायची. डॉक्टरीणबाईंना हे अभिप्रेत नव्हतं हे उघड आहे. पण अप्पा स्वतःसाठी चार पावलं टाकायला कंटाळायचे ते देखरेखीसाठी न थकता चालायचे. कर्तव्य म्हटलं की त्यांचे पाय आपोआप हलतात.

माझी अडचण वेगळी होती. मैदान गोल. अर्धी फेरी मला अप्पा समोर दिसायचे: माकडटोपी, मफलर, मागे बांधलेले हात. अर्धी फेरी माझी पाठ त्यांच्याकडे असायची. त्या अर्ध्या फेरीत मला काय काय दिसायचं ते सांगत नाही. अप्पांच्या तळव्यांना औषधाने बधिरपणा आला होता, जमीन पायाखाली आहे की नाही ते त्यांना बघून ठरवावं लागायचं. मैदानात खड्डे होते. मी वळेन तेव्हा तिकडे उभं कुणी नसेल, खाली काहीतरी पडलेलं असेल, आणि त्यावर मफलर असेल. म्हणून पाठ फिरली की मी जीव खाऊन पळायचे, आणि वळणावर अप्पा उभे दिसले की माझे पाय लोण्यासारखे व्हायचे.

“ही पोरगी अजब आहे,” चन्नवीरकाका अप्पांना सांगत असलेलं मी ऐकलं. “तिकडं गेली की घोडी, इकडं आली की गोगलगाय. सलग पळाली तर जिल्ह्यात पहिली येईल ओ.”

“स्वभावच तसा आहे तिचा,” अप्पा म्हणाले. काय कळलं होतं त्यांना, कोण जाणे.

सल्ले येऊ लागले. आमच्या शेजारी शिवबाई राहतात. मुलगा एमआयडीसीत आहे म्हणून गाव सोडून आल्या, पण गाव त्यांना सोडून गेलं नाही. त्या रोज काहीतरी घेऊन यायच्या: भिजवलेले शेंगदाणे, नाचणीची लापशी, बाजरीचा खिचडा.

“खा. आंगात काय हाय तुज्या, नुसता चष्मा. चोरानं फुंकर मारली तर उडून जाशील की.”

“खाते, मावशी.”

“आन् तुजे अप्पा लई वाळले की गं. पोरीच्या भरतीचं मनाला लावून घेतलंय त्यांनी. तुला दिसतंय का न्हाय?”

मला दिसत होतं. मला वजनकाट्यावरही दिसत होतं. पण हे वाक्य कॉलनीत फिरलं आणि वाढत गेलं. अप्पा वाळत चालले ते माझ्यासाठी. अप्पांची झोप उडाली ती माझ्यामुळे. पुढे त्यांचे केस विरळ झाले, तेव्हा राहिलेलेही त्यांनी काढून टाकले, आणि त्याच दिवशी कॉलनीने ठरवलं की पोरीच्या निवडीसाठी बापाने तिरुपतीला केस बोलले होते. “बाप असावा तर असा,” असं म्हणून लोक माझ्याकडे बघायचे, आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग माझ्या चेहऱ्यावर वाचायचे. सकाळी दूध घ्यायला गेलं तरी डेअरीवाला विचारायचा, “मॅडम, गोळाफेक सुधारली का? नाही म्हणजे, त्यांच्याकडे बघवत नाही.”

माझी गोळाफेक सुधारली नव्हती. गोळा माझ्या हातातून सुटायचा आणि जवळच खाली बसायचा, पाळलेल्या मांजरासारखा.

उन्हाळा आला. माकडटोपी गेली, पण गार वस्तूंची भीती राहिली. सोलापूरच्या उन्हात सगळी तुकडी बर्फ घातलेला उसाचा रस पीत असताना अप्पा थर्मासमधलं गरम पाणी फुंकून प्यायचे. मुलींना तो त्याग वाटला. त्यांनीही बर्फ सोडला. आता मला प्रामाणिकपणे सांगावं लागेल की त्या दिवसांत मला एक प्रकारचा आनंद होत होता. डोस वेळेवर चालले होते. अप्पा फॉर्म भरत होते, भरतीचा माझा अर्जसुद्धा त्यांनीच भरला. मला वाटू लागलं, गणित कच्चं असेल, पण उत्तर बरोबर येतंय.

मग एका सकाळी मी ती पाठमोरी अर्धी फेरी पळून वळणावर आले आणि समोर अप्पा नव्हते.

मी मैदान मधून कापत धावले. काका ओरडत होते, “लाईन सोडू नको.” अप्पा भिंतीच्या सावलीत पायरीवर बसले होते. पडले नव्हते. फक्त बसले होते, हात मांडीवर ठेवून, आणि भर उन्हात त्यांचे दात वाजत होते.

“जरा थंडी वाटली,” ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. थर्मामीटर काढायची गरज नव्हती. केमोतला ताप म्हणजे थांबायचं नाही, एवढं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. मी काकांना म्हणाले, “ऊन लागलंय, दवाखान्यात दाखवून येते,” आणि रिक्षा केली. रिक्षात अप्पांनी माझा हात धरला होता. हात गरम होता आणि धरणं अगदी हलकं, कागद धरावा तसं. मी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिले. एकही आठवत नाही.

त्यांना ठेवून घेतलं. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. कॉलनीत ‘अप्पा गावाला गेले’ असं आईने सांगितलं, आणि मी दवाखान्यातल्या बाकावर बसून मनाशी विचार करत राहिले, की ते जंतू कुणाच्या नाकातून आले, साबण कुठे कमी पडला. याचं उत्तर मिळत नसतं. ते बहुधा माणसाच्या स्वतःच्या आतड्यातूनच येतात, हे मला परीक्षेत पाठ होतं. तरी मी नाकं मोजत राहिले.

ताप उतरला. घरी आले तेव्हा अप्पा निम्मे झाले होते. पुढचा डोस लांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घाबरू नका, हळूहळू पुन्हा चालायला लागा.” अप्पांनी मान डोलावली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

“अप्पा, दारापर्यंत येता?”

“पुरे झालं, इंदू.”

“कसलं पुरे?”

“सगळंच.”

ते रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. फाईल बंद करताना लावतात त्या आवाजात म्हणाले. मला आठवतं, मी स्वयंपाकघरात गेले, आणि आई व मी कितीतरी वेळ ओट्यापाशी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिलो.

वाचवलं ते प्रभुंनी. त्यांनी चन्नवीरकाकांमार्फत निरोप पाठवला, की व्यवस्थापक हजर नसल्याने परवानगी आपोआप रद्द झाली असून तुकडीने मैदानात येऊ नये.

“काय म्हणतो तो?” अप्पा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले.

“तुम्हीच लिहिलीत ना ओ ती अट,” काका दारातूनच म्हणाले. “पोरी फाटकाबाहेर उभ्या आहेत. भरती तोंडावर आली.”

मग अप्पा उठून बसले. “आपोआप कशी रद्द होईल? आधी नोटीस द्यावी लागते,” ते म्हणाले. “इंदू, माझी चप्पल कुठे आहे?”

डॉक्टरांसाठी, माझ्यासाठी, स्वतःच्या जिवासाठी जो माणूस उठला नाही तो नोटिशीसाठी उठला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी चप्पल आणायला धावले. त्या दिवशी ते मैदानाच्या एकाच बाजूने चालले, दर थोड्या अंतरावर भिंतीला हात लावत. दुसऱ्या दिवशी हात न लावता. काही दिवसांनी डोस पुन्हा सुरू झाला.

आता भरतीला न जाणं शक्यच नव्हतं. भरती संपली की मैदान संपणार, मैदान संपलं की अप्पा पुन्हा भिंतीकडे वळणार, या भीतीने मी तो दिवस येऊ नये म्हणून नवससुद्धा बोलले. विज्ञानाच्या पदवीधराने ही गोष्ट कुणाला सांगू नये.

भरतीच्या मैदानात नातेवाइकांना सोडत नाहीत. अप्पा, आई, काका आणि शिवबाई फाटकाबाहेर झाडाखाली थांबले. धावण्याची शिट्टी झाली आणि माझ्या लक्षात आलं, की इथे कुठल्याच वळणावर अप्पा दिसणार नाहीत. सगळंच मैदान पाठमोरं होतं. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जी पळाले ती सिद्धेश्वरीच्या बरोबरीने पोचले. “ताई, तुम्हाला कोण लागलं होतं मागे?” तिने धापा टाकत विचारलं.

मग गोळाफेक. गोळा मानेशी धरला, पवित्रा घेतला, आणि नजर फाटकाकडे गेली. तिथे झाडाखाली गर्दी जमली होती. माणसं वाकून काहीतरी बघत होती. कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन धावत होतं.

हातात गोळा आहे हे मी विसरले. गोळा सरळ खाली, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आला.

ती गर्दी कलिंगडाच्या गाडीभोवतीची होती. त्या हातगाडीचं चाक निखळलं होतं. अप्पा शेजारीच उभे राहून गाडीवाल्याला महापालिकेकडे खड्ड्याची तक्रार कशी करायची ते समजावत होते.

सिद्धेश्वरी आणि आरोही दोघी पुढच्या टप्प्यात गेल्या. मी अंगठ्याला पट्टी बांधून घरी आले. हाड मोडलं नव्हतं, फक्त अंगठ्याचा रंग वांग्यासारखा झाला होता.

संध्याकाळी कॉलनी भेटायला आली. शहाळी घेऊन. मी दारात सॅनिटायझर धरून बसले, आणि प्रत्येकाने हात पुढे करून, ‘आता कशाला ही शिस्त’ अशा नजरेने माझ्याकडे बघून, अप्पांच्या खाटेपाशी जागा घेतली. ज्या भेटीला अप्पा सगळा हिवाळा-उन्हाळा भीत होते तीच भेट समोर बसली होती, फक्त आजार माझा होता.

“गंगाधरराव, मनाला लावून घेऊ नका,” डेअरीवाला म्हणाला.

“आमच्या पुतण्याचंही असंच झालं,” कुणीतरी म्हणालं. “बापाने रक्त आटवलं, आणि पोराने ऐन वेळी माती केली. बाप गेला त्या धक्क्यात.”

शिवबाई माझ्याकडे वळल्या. “बापानं केस दिलं, अन्नपाणी सोडलं, आन् तू गोळा पायावर घेतलास. लक्ष कुटं हुतं तुजं? जरा त्यांच्याकडं बघून तरी पळायचं.”

बोलण्यासारखं होतं ते माझ्या मालकीचं नव्हतं. चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

“थांबा,” अप्पा म्हणाले.

ते उठून बसले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. कार्यालयात कुणाची चौकशी असली की ते तसं करायचे, असं आई सांगते.

“शेरा चुकीच्या नावावर चाललाय. दुरुस्त करतो,” ते म्हणाले. “हिला पोलिसात जायचं नव्हतं. मला कॅन्सर आहे. आतड्याचा. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं, आणि हिला माझ्याबरोबर. पोलीस भरती मी रचली. वाळलो ते औषधाने, केस गेले ते औषधाने. ही पळत होती ते माझ्यासाठी. तिच्याकडून काही चूक झालेली नाही.”

आईने पदर तोंडाशी नेला. पुतण्यावाल्या गृहस्थांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “आमच्या मेव्हण्यालाही तोच…”

“गप बसा की,” शिवबाई म्हणाल्या. “मेव्हणा ऱ्हाऊ द्या घरी.” मग पदराने डोळे पुसून त्यांनी एक शहाळं उचललं, ते गार आहे का म्हणून गालाला लावून बघितलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, “हे चालतं का त्यांना?” मी हो म्हणाले.

चन्नवीरकाका मात्र उठून गेले. त्यांचे ते खाली घातलेले खांदे बघून मला वाटलं, संपलं. फसवलं आपण त्यांना, आणि उद्या शिट्टी वाजणार नाही. अप्पांनाही तेच वाटलं असणार. रात्री ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी फाटकापाशी शिट्टी वाजली. नेहमीपेक्षा जोरात.

“मी ढोल वाजवायचो बँडमध्ये,” काका फाटकातूनच म्हणाले, “हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. म्हणजे फिटलं. आता चला. आणि ते कडेकडेने देखरेख बंद. डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय ना? मग दोघं एका ओळीत.”

पुढच्या आठवड्यात अप्पांची तपासणी आहे. यंत्रात झोपवून आत काही उरलंय का ते बघणार आहेत. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

मैदानात आम्ही शेजारी शेजारी चालू लागलो. माझा अंगठा जमिनीला लागत नव्हता, अप्पांचे तळवे जमीन लागली तरी ओळखत नव्हते. काका ‘डावा-उजवा’ म्हणत होते आणि आमच्या दोघांचा मिळून एकही पाय त्यात बसत नव्हता. शेजारी चालणारा माणूस दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. नुसता ऐकू येतो. मी कान देऊन होते.

लांबच्या वळणावर अप्पांची पावलं थांबली.

बघितलं तर ते खाली वाकत होते. मी दंड धरायला हात पुढे केला.

“हात काढ,” ते म्हणाले. “तुझ्या बुटाची नाडी सुटली आहे. तुला त्या पायाने वाकता येणार नाही.”

त्यांनी एक गुडघा मातीत टेकला. बधिर बोटांना नाडीचं टोक सापडत नव्हतं. सापडलं ते निसटलं. पुन्हा सापडलं. मी एका पायावर उभी, त्यांच्या गुळगुळीत डोक्याकडे बघत, ते आता उठू शकतील का या विचाराने घामाघूम. लांबून काकांची शिट्टी वाजली: थांबायचं नाही.

“वाजवू दे,” अप्पा म्हणाले, आणि गाठ पुन्हा पहिल्यापासून घालू लागले.